साडेचार गुणांची गोष्ट: दात, पाणी आणि मुलांची बुद्धी

आज एका आकड्यापासून सुरुवात करू. साडेचार. बुद्ध्यांकाचे साडेचार गुण. हा आकडा वैद्यकाच्या इतिहासात आम्हाला दोनदा भेटला. एकदा १९७९ साली शिशाबद्दल, आणि पुन्हा २०१९ साली फ्लोराइडबद्दल. दोन्ही वेळा लहान मुलं, दोन्ही वेळा शरीरात अगदी थोड्या प्रमाणात शिरणारा पदार्थ, आणि दोन्ही वेळा दातांचा संबंध. आकडा जवळजवळ तोच, पण त्याचं वजन सारखं आहे का, हा आजचा प्रश्न. तो विचारायचं कारण असं, की गेली दोन वर्षं "फ्लोराइडने मुलं मंद होतात" असे निरोप मोबाइलवर फिरतायत आणि आईवडील आम्हाला विचारतात की टूथपेस्ट बदलायची का. आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या घरात विचारला जातोय. त्याकडे शेवटी येऊ.

आधी १९७९. अमेरिकेत बोस्टनजवळ चेल्सी आणि सोमरव्हिल ही दोन गावं. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांना शिसं आणि मुलांची वाढ यांचा संबंध तपासायचा होता. अडचण अशी होती की रक्तातलं शिसं म्हणजे गेल्या काही आठवड्यांचा हिशोब. मूल दोन वर्षांचं असताना काय घडलं ते सातव्या वर्षीचं रक्त सांगत नाही. मग नीडलमननी काय केलं? पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपल्याकडे पोरं पडलेला दात कौलावर टाकतात, तिथे तो उशीखाली ठेवतात. या मुलांनी तो शाळेत आणून दिला. दाताच्या आतल्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, शिसं साठत जातं आणि तिथून सहज हलत नाही. दात म्हणजे मुलाच्या पहिल्या सहा-सात वर्षांची वहीच म्हणा.

त्या दातांवरून त्यांनी जास्त शिशाची ५८ आणि कमी शिशाची १०० मुलं निवडली. सरासरी बुद्ध्यांक एका गटाचा १०२.१, दुसऱ्याचा १०६.६. फरक साडेचारचा. चाचणी घेणाऱ्यांना कोणतं मूल कोणत्या गटातलं आहे ते माहीत नव्हतं. कळायला मार्गही नव्हता, कारण दातात शिसं असलं तरी दात दिसायला पांढराच असतो. हा मुद्दा बारीक वाटेल, पण लक्षात ठेवा, आपण इथे परत येणार आहोत. नीडलमनवर पुढे फार चिखलफेक झाली. निष्कर्ष रंगवले असे आरोप झाले, चौकशा झाल्या, त्यातून ते सुटले. पेट्रोलमधलं शिसं जगभर गेलं, आपल्याकडे २००० साली गेलं, त्यामागे जे पुरावे उभे होते त्यात हा अभ्यास महत्त्वाचा.

आता फ्लोराइड. याची कथा उलट्या दिशेने चालते. इथे पदार्थ आधी वाईट ठरला, मग चांगला ठरला आणि आता पुन्हा संशयाच्या पिंजऱ्यात आला. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला दवाखाना घालून बसला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, आणि गंमत म्हणजे हे डागाळलेले दात किडायचे कमी. कारण सापडायला तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल या रसायनतज्ज्ञाने पाण्यातलं फ्लोराइड मोजलं. मग ट्रेंडली डीन यांनी अमेरिकेतल्या २१ शहरांतल्या सात हजारांवर मुलांचे दात तपासून दाखवलं, की लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तर कीड बरीच कमी आणि डाग नगण्य. जानेवारी १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम घालायला सुरुवात झाली. तुलनेसाठी शेजारचं मस्कीगन तसंच ठेवलं होतं. पण तिथल्या लोकांनाही ते हवंसं झालं, १९५१ मध्ये त्यांनीही घातलं आणि तुलनेचं गावच हातचं गेलं. अभ्यास सुरू असतानाच समाज निकाल लावून मोकळा होतो, याचं हे जुनं उदाहरण.

डीन यांच्या अभ्यासात दात मोजले, बुद्धी मोजली नाही. दंतवैद्य दातच मोजणार, त्यात त्यांचा दोष नाही. पण प्रत्येक शास्त्र आपल्या खिडकीतून दिसतं तेवढंच मोजतं, आणि पुढे धोरण ठरवताना "दुसरं काही आढळलं नाही" असं म्हटलं जातं. न शोधलेलं आढळणार कसं?

शोधायला सुरुवात झाली ती मुख्यतः चीनमध्ये. तिथे काही प्रांतांत भूजलातच फ्लोराइड भरपूर आहे. २०१२ मध्ये चोई, ग्रँडजीन आणि सहकाऱ्यांनी असे २७ अभ्यास एकत्र केले आणि फरक आला ०.४५. इथे आकड्याची पहिली फजिती झाली. हे ०.४५ म्हणजे बुद्ध्यांकाचे गुण नव्हेत, तर प्रमाण विचलनाचा अंश. साध्या हिशोबात सुमारे सात गुण. ज्यांना फ्लोराइड आवडतं त्यांनी "अर्धाच गुण की!" म्हणून हसण्यावारी नेलं. ज्यांना आवडत नाही त्यांनी सात गुण घेतले आणि थेट अमेरिकेच्या नळाला लावले. मूळ निबंधातली पाण्याची पातळी कुणी बघेना.

आणि हे २७ अभ्यास होते कसे? बहुतेकांचा साचा असा: एक जास्त फ्लोराइडचं गाव, एक कमीचं. दोन्हीकडच्या शंभर-दोनशे मुलांची एकदाच चाचणी, मग वजाबाकी. आता तुम्हीच सांगा, एका गावातली दोनशे मुलं एकाच विहिरीचं पाणी पितात, एकाच शाळेत जातात, त्याच मास्तरांकडे शिकतात. आकडेशास्त्र त्यांना दोनशे वेगळी निरीक्षणं समजतं, पण खरं पाहिलं तर तुलना आहे दोन गावांची. एका गावात शाळा बरी असेल, दुसऱ्यात आयोडीनची कमतरता असेल, कुठे पाण्यात आर्सेनिकही असेल. आयोडीन कमी पडलं की बुद्धीची वाढ खुंटते, हे तर पक्कं ठाऊक आहे. यातलं किती वजा केलं, हे बऱ्याच निबंधांत नीट सांगितलेलंच नाही.

आता तो दाताचा मुद्दा. शिशाच्या अभ्यासात दात पांढरा होता. फ्लोरोसिसच्या गावात मूल तोंड उघडतं आणि डाग समोर दिसतात. चाचणी घेणाऱ्याला "गट माहीत नाही" असं कागदावर कितीही लिहा, मुलाने हसून नमस्कार केला की गट कळला. परीक्षकाने लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. पण तोंडी प्रश्नांच्या चाचणीत किती वेळ थांबायचं, पुन्हा विचारायचं का, हे त्या क्षणी ठरतं. फ्लोराइडवरच्या चर्चेत या अडचणीचा उल्लेख आम्हाला फार कमी सापडला.

म्हणूनच २०१७ आणि २०१९ चे अभ्यास महत्त्वाचे. त्यांनी गावं सोडून आईकडे पाहिलं: गरोदरपणात आईची लघवी तपासली आणि पुढे मुलाची चाचणी घेतली. पहिला मेक्सिकोतला. तिथे फ्लोराइड मिठातून येतं, त्यामुळे पाण्याचा वाद आपोआप बाजूला पडतो. दुसरा कॅनडातला, रिव्का ग्रीन आणि सहकाऱ्यांचा. आईच्या लघवीत लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड वाढलं तर तीन-चार वर्षांच्या मुलग्यांचा बुद्ध्यांक ४.४९ ने कमी. मुलींमध्ये तसं काही नाही. हेच ते दुसरे साडेचार.

हा निबंध आम्ही दोनदा वाचला. काम मन लावून केलेलं आहे यात शंका नाही. गरोदरपणाच्या तिन्ही टप्प्यांतले नमुने घेतले, आईचं शिक्षण, घरचं वातावरण हिशोबात घेतलं. तरी दोन ठिकाणी आम्ही अडलो. पहिलं असं, की त्याच निबंधात दुसरं एक मोजमाप आहे: आई दिवसाला पाणी-चहातून किती फ्लोराइड घेते. त्या मोजमापाने मुलगे-मुली दोघांचाही बुद्ध्यांक घटतो, १ मिलिग्रॅममागे ३.६६ ने. मग मुलगे वेगळे का आणि कधी? एका पट्टीने फरक दिसतो, दुसरीने नाही. जीवशास्त्रात याचं उत्तर असेलही, पण "मुलग्यांवर परिणाम" असा मथळा देण्याइतकं ते पक्कं नाही.

दुसरं, हे "१ मिलिग्रॅम" येतं कुठून? फ्लोराइडयुक्त पाण्याच्या शहरांतल्या आणि बाकीच्या शहरांतल्या आयांमधला सरासरी फरक होता ०.६९ आणि ०.४० यांतला, म्हणजे जेमतेम ०.३. त्या हिशोबाने साडेचार गुण होतात सव्वाच्या आसपास. सव्वा गुणही अख्ख्या समाजाचा घसरला तर तो थोडा नव्हे, आणि शिशाच्या बाबतीत नेमका हाच युक्तिवाद खरा ठरला. पण मग सव्वा म्हणा ना! आणि लघवी म्हणजे दात नव्हे. फ्लोराइडचा काही भाग तासाभरात लघवीवाटे जातो, आदल्या कपभर चहाचाही त्यात वाटा असतो. तीन नमुन्यांनी हा दोष कमी होतो, जात नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडचा ड्युनेडिन अभ्यास आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेली सुमारे हजार मुलं, चाळिशीपर्यंत पाठपुरावा, पाण्यातल्या फ्लोराइडचा बुद्धीवर परिणाम नाही. स्पेनच्या बास्क प्रांतात तर मुलग्यांचे गुण जास्तच निघाले. जास्त निघाले म्हणून कुणी फ्लोराइडच्या गोळ्या वाटा म्हणालं नाही. उलट्या निकालाकडे आपण असं थंडपणे बघतो आणि अपेक्षित निकालाकडे गरम होऊन, ही आपली सवय.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा अहवाल आला: लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर कमी बुद्ध्यांकाशी संबंध, "मध्यम खात्री"; अमेरिकेच्या ०.७ पातळीबद्दल सांगण्याइतका पुरावा नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच गटाच्या संशोधकांनी ७४ अभ्यासांचा एकत्र निबंध छापला. त्यातले ५२ अभ्यास त्यांच्याच कसोटीत पक्षपाताचा जास्त धोका असलेले. ४५ चीनमधले, काही आपल्याकडचे. त्याच अंकात दोन संपादकीयं होती, एक म्हणतं घाई नको, दुसरं म्हणतं आता तरी फेरविचार करा. काही महिन्यांत युटा राज्याने पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं.

आमचा खरा आक्षेप इथे आहे. चीन आणि भारतातल्या खेड्यांतली जी मुलं लिटरला दोन, तीन, चार मिलिग्रॅमचं पाणी पितात, त्यांच्या चाचण्यांवर हा सगळा डोलारा उभा आहे. आणि प्रश्न कोणता सोडवला जातोय? युटाच्या नळाला ०.७ ठेवायचं की नाही. त्या मुलांची कुणी बाजू घेतली नाही, त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं आणि साक्ष झाल्यावर घरी पाठवलं. त्यांच्या पाण्याचं पुढे काय झालं, हे त्या ७४ अभ्यासांच्या बेरजेत कुठे बसतच नाही.

आपल्याकडे बघा. फ्लोरोसिसची भारतातली पहिली नोंद १९३७ ची, नेल्लोर भागातली. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत आज अशी गावं आहेत. उघड्या विहिरीचं पाणी जंतूंचं म्हणून आपण खोल बोअर मारले, हातपंप बसवले. हेतू चांगलाच होता, हगवण-पटकीपासून त्याने जीव वाचले. पण खोल खडकात पाणी जितकं मुरतं तितकं काही ठिकाणी फ्लोराइड जास्त. आणि एक साधा गुणाकार परदेशी निबंधात बसत नाही: उन्हाळ्यात विदर्भात शेतावर राबणारी बाई पाच-सहा लिटर पाणी पिते. पाणी दोन मिलिग्रॅमचं असेल तर दिवसाला दहा-बारा मिलिग्रॅम पोटात. थंड देशात ०.७ चं पाणी दीड लिटर पिणारीच्या पोटात साधारण एक. ही बाई गरोदर असेल तर? तिच्या बुद्ध्यांकाच्या निबंधाची वाट बघायची गरजच नाही. दात डागाळणं, पुढे सांधे आखडणं, पाठ वाकणं, याबद्दल कुणाचा वाद नाही. भारतीय मानकाची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५.

उपायही परदेशातून आणायचा नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने नलगोंडा पद्धत बसवली: तुरटी, चुना, थोडी ब्लिचिंग पावडर, ढवळायचं आणि गाळ बसू द्यायचा. स्वस्त आहे, पण रोज कुणीतरी मापात घालावं लागतं, गाळ कुठे टाकायचा ते ठरवावं लागतं, आणि तुरटी जास्त झाली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं. टाकी बांधून मिळते, ढवळणारा माणूस मंजूर होत नाही. शक्य असेल तिथे दुसरा स्रोतच आणणं बरं.

चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन घेतो. "टूथपेस्टचं काय?" तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. पेस्ट टाकून देऊ नका, कीड हाही आजारच आहे. दुसरी चिठ्ठी: "पाणी उकळलं तर फ्लोराइड जातं का?" नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइड मागे उरतं, म्हणजे उलट वाढतंच. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी बाटली भरून जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत द्या आणि अहवालात फ्लोराइडचा रकाना भरलाय का ते बघून घ्या.