फड एकाचा, पंचही त्याचाच

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमावलीत १.२.०१९ क्रमांकाचा एक लहानसा नियम आहे. राष्ट्रीय संघटनेची मान्यता नसलेल्या शर्यतीत परवानाधारक सायकलपटूने उतरू नये. उतरल्यास महिन्याचे निलंबन आणि वर दंड. २०१३ साली अमेरिकेत हा नियम कडकपणे लावण्याचे घाटले, तेव्हा स्वतःच्या हिमतीवर डोंगरवाटांच्या शर्यती भरविणारे आयोजक आणि त्यांत भाग घेणारे व्यावसायिक सायकलपटू असे काही खवळले, की महासंघास त्या वर्षापुरती अंमलबजावणी आवरती घ्यावी लागली.

बेल्याच्या वाचकास याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर देवाच्या जत्रेत कुस्त्यांचे फड लागतात. वर्गणी गावाची, इनाम गावाचे, पंचही गावानेच नेमलेले. मल्ल आज या देवाच्या फडात, तर आठवड्याने पलीकडच्या. ‘तिकडे लढलास तर इकडच्या मातीत पाय ठेवू नकोस’, असे कोणा जत्राकमिटीने बजावल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याच्या कसोटीस लागला तो हॉकीच्या निमित्ताने. खडकीत वाढलेले धनराज पिल्ले आणि त्यांचे सहकारी हॉकी इंडियाविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेले. निंबस या खासगी कंपनीने भारतीय हॉकी महासंघाच्या साहाय्याने वर्ल्ड सीरीज हॉकी ही स्पर्धा योजिली होती. आणि अमान्य स्पर्धेत खेळणाऱ्यास राष्ट्रीय संघाचे दार बंद, असा हॉकी इंडियाचा पवित्रा होता. ३१ मे २०१३ रोजी आयोगाने निकाल दिला. हॉकी इंडियाचे वर्चस्व त्याने मान्य केले, मात्र त्या वर्चस्वाचा दुरुपयोग झाल्याचे त्यास दिसले नाही. मान्यतेचे बंधन खेळाच्या रचनेतूनच उद्भवते, असे त्याने मानले.

या निकालपत्राचा पूर्वार्ध आम्हांस पटतो. उत्तेजक द्रव्यांची तपासणी, पंचांची पात्रता, स्पर्धांचे वेळापत्रक या गोष्टी कोणीतरी एकाने पाहाव्या लागतात. स्वतंत्र आयोजक म्हणजे खेळाडूंचा कैवारीच, असेही नाही. वर्ल्ड सीरीज हॉकी २०१२ साली एकदाच झाली आणि तिच्यातील मानधन थकल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या. ज्याच्या घरी चूल त्या पैशावर पेटायची होती, त्याला आयोजकाच्या स्वातंत्र्याचे कौतुक किती असणार!

आमचा आक्षेप उत्तरार्धास आहे. नियमनाचा अधिकार धंद्याच्या कामी वापरला जाऊ नये, हे आयोगाने नेमके ओळखले. परंतु त्याची व्यवस्था हॉकी इंडियाने अंतर्गत नियंत्रणाद्वारे, स्वतःच्या समाधानापुरती करावी, असे सुचवून प्रकरण मिटविले. वकिली पेशात आम्ही पुष्कळ हमीपत्रे पाहिली आहेत; जिच्याविरुद्ध तक्रार, तिच्याच समाधानाची हमी क्वचितच पाहिली. आणि काळ कोणता? निकालाच्या चारच महिने आधी, जानेवारी २०१३ मध्ये, खुद्द हॉकी इंडियाची लीग मैदानात उतरली होती. परवाना देणाराच दुकानदार झाला, हे निकाल लिहिताना आयोगाच्या डोळ्यांसमोर होते.

याउलट युरोपात काय झाले? दुबईतील एका खासगी स्पर्धेत उतरल्यास आजन्म बंदी येईल, या भीतीने दोन डच स्केटिंगपटूंनी तक्रार केली. २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की ज्या संघटनेस स्वतःच्याही स्पर्धा भरवावयाच्या आहेत, तिच्या पूर्वमान्यतेच्या अधिकारास पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित निकषांची चौकट हवी. म्हणजे मान्यता नाकारताना कारण लेखी, आणि ते कारण तपासणारा तिसरा कोणी.

आपल्याकडे २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. हा तिसरा पंच लाभल्यास धनराजांचा जुना प्रश्न, या खेपेस कदाचित एखाद्या सायकलपटूच्या नावाने, पुन्हा मांडता येईल. त्या वेळी २०१३ चे निकालपत्र पूर्वाधार म्हणून पुढे केले जाईलच. त्यातील ‘स्वतःच्या समाधानापुरती’ हे शब्द मात्र न्यायाधिकरणाने खोडून काढावेत.