‘एकसारखा अनुभव’ कोणाचा? : ह्यूमच्या चमत्कारविषयक युक्तिवादाचे परीक्षण

चमत्कारांविषयी सुशिक्षित श्रोते जो आक्षेप घेतात, त्याची सर्वांत प्रसिद्ध मांडणी डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनविषयक ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात आहे. तिचा सारांश असा : निसर्गनियम एकसारख्या अनुभवावर उभे असतात, चमत्कार हा त्या नियमांचा भंग होय, म्हणून साक्ष खोटी असणे हे त्या घटनेहूनही अधिक अद्भुत ठरत नसेल, तर सुज्ञाने साक्षीवर विश्वास ठेवू नये. बांधणी भक्कम आहे. तथापि ‘एकसारखा अनुभव’ हे आधारविधान कोठे उभे राहून केले आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

याची कसोटी खुद्द ह्यूमच पुरवतो. पाणी गोठते, हे ऐकून त्यावर विश्वास न ठेवणाऱ्या एका भारतीय राजपुत्राचा दाखला त्याच प्रकरणात आहे. राजपुत्राचा तर्क रास्तच होता, असा ह्यूमचा अभिप्राय. पाणी मात्र थंड प्रदेशात गोठतच राहिले! उणीव तर्कात नव्हती. पाहणाऱ्याच्या जागेत होती. शिवाय ज्या देशाच्या माथ्यावर हिमालय आहे, तेथील राजपुत्र हिमाविषयी अनभिज्ञ म्हणून निवडला जावा, यात दाखला देणाऱ्याचीही जागा उघड होते.

ह्यूमला ही अडचण जाणवली होती. गोठणे हे राजपुत्राच्या अनुभवाच्या विरुद्ध नव्हते, केवळ त्याच्या बाहेरचे होते, असा भेद तो करतो. मृत मनुष्य जिवंत झालेला मात्र कोणत्याही काळी वा देशी पाहिला गेलेला नाही, असे तो म्हणतो. पेच येथेच आहे. ‘कोणत्याही काळी’ हे ठरविण्यासाठी, पाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या साक्षी आधीच बाद कराव्या लागतात. म्हणजे जे सिद्ध करावयाचे, तेच आधारविधानात शिरले. ॲबर्डीनच्या जॉर्ज कॅम्बेल यांनी १७६२ साली आणखी एक मर्म दाखविले : इतर काळांचा व देशांचा अनुभव आपल्यापर्यंत साक्षीद्वारेच पोहोचतो. मग साक्षीला अनुभवाच्या तराजूत तोलताना तराजूचे दुसरे पारडेही साक्षीनेच भरलेले असते.

परंतु एवढ्यावरून चमत्कार सिद्ध होत नाहीत. तसेच विधान कोणत्या जागेवरून आले हे दाखविणे म्हणजे ते खोटे ठरविणे नव्हे. तसे मानले तर आपलीही सर्व विधाने कोसळतील. साक्षीदाराचा हेतू, संख्या व विवेक तपासावा, ही ह्यूमची मागणी न्याय्यच आहे. प्रतिस्पर्धी धर्मांतील चमत्कारकथा परस्परांची साक्ष दुर्बल करतात, हा त्याचा मुद्दाही टाळता येण्यासारखा नाही. आपल्या परंपरेतील कथा श्रद्धेने आणि शेजाऱ्याच्या परंपरेतील कथा संशयाने ऐकणारा उपदेशक ह्यूमच्याच जागी उभा असतो. फक्त त्याचे तोंड दुसऱ्या दिशेला असते.

म्हणून धर्मशिक्षकाने आक्षेपकाला ‘तुमचा अनुभव कोठवर पोहोचतो?’ असे अवश्य विचारावे. पण तोच प्रश्न स्वतःस आधी विचारलेला असावा. दोन्ही पारड्यांना एकच वजन लावणाऱ्याच्या साक्षीलाच श्रोता मान देतो.