रुथेनियमचा गाजावाजा, कोबाल्टचं काम

स्पिनट्रॉनिक पदार्थांवरचा कुठलाही ताजा शोधनिबंध उघडा. पहिल्या परिच्छेदात कमी ऊर्जेच्या इन-मेमरी कम्प्युटिंगचा (मेमरीतच आकडेमोड करण्याचा) नवस बोललेला असतो, आणि पुढे संगणक औषधालाही सापडत नाही. रुथेनियम डायऑक्साइडने तर कळस केला. 2017 मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगात त्यात अँटीफेरोमॅग्नेटिक क्रम दिसला, पुढे ऑल्टरमॅग्नेट (बाहेरून चुंबकत्व शून्य, तरी आत इलेक्ट्रॉनांचे स्पिन विभागलेले) म्हणून त्याचा उदोउदो झाला, आणि 2024 मध्ये म्यूऑनच्या मोजमापांत तो क्रम सापडेचना. पातळ थरांबद्दल भांडण अजून चालू आहे. पदार्थ चुंबकीय आहे की नाही हे ठरलेलं नसताना त्याच्या मेमरीचे गोडवे गायचे, म्हणजे बाजारात तुरी नि भट भटणीला मारी.

स्किर्मिऑन, म्हणजे चुंबकनाचे चिमुकले भोवरे, चित्रांत सुरेख दिसतात, एवढंच. टोपॉलॉजिकल इन्सुलेटरचा चुंबकन फिरवणारा टॉर्क दांडगा, पण बरीचशी वीज शेजारच्या धातूतून निसटते.

खरं काम चाललंय ते जुन्याच कोबाल्ट-लोह-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जोडीवर. भट्टीत तापवलं की बोरॉन बाहेर सरकतो आणि आधी अस्फटिक असलेला धातूचा थर ऑक्साइडची स्फटिकरचना उचलतो. तोहोकू विद्यापीठाच्या गटाने 2010 मध्ये हाच थर जेमतेम 1.3 नॅनोमीटर जाडीचा केला, तेव्हा चुंबकन आपसूक थराला लंब उभं राहिलं. ती किमया सीमेवरच्या लोह-ऑक्सिजन बंधांची. मात्र अशा जोडीच्या जंक्शनच्या दोन चुंबकीय अवस्थांतल्या रोधातला फरक 120 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. शिवाय मूळ रोधच कमी, त्यामुळे नेहमीच्या क्रॉसबारमध्ये (आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यात) प्रवाहांची बेरीज करायला गेलं की वीज फुकट जाते. सॅमसंगच्या संशोधकांनी 2022 मध्ये 64 × 64 च्या जाळ्यात प्रवाहांऐवजी रोधांचीच बेरीज केली आणि हस्तलिखित अंक 98 टक्के अचूक ओळखून दाखवले. नवा पदार्थ शून्य! तोहोकू आणि पर्ड्यूच्या मंडळींनी 2019 मध्ये आणखी खोडकरपणा केला: जंक्शन मुद्दाम अस्थिर ठेवलं, उष्णतेने ते आपोआप उलटसुलट होऊ दिलं, आणि 0 आणि 1 मध्ये हिंदकळणाऱ्या अशा आठ पी-बिट्सकडून 945 चे अवयव पाडून घेतले. मेमरीवाले ज्या अस्थिरतेला घाबरतात, तिलाच यांनी कामाला जुंपलं.

यावर पदार्थवाले म्हणतात, मूलभूत संशोधनाला असले व्यवहारी गज लावू नका. ठीक, मग मूलभूत म्हणूनच छापा! संगणकाची वीज वाचवण्याच्या नावावर अनुदान मागायचं आणि हिशेब मात्र एका बिटाच्या उलटण्याचा द्यायचा, हे चालणार नाही. जाळ्याच्या रकान्याच्या टोकाला बसलेला अ‍ॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर किती वीज खातो, ते कोण सांगणार? पदार्थ चिपच्या कारखान्यातली 400 अंश सेल्सिअसची भाजणी सोसतो का? खोलीच्या तापमानाला रोधातला फरक किती उरतो? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील, तर संपादकांनी पहिल्या परिच्छेदातलं ते नवसाचं वाक्य सरळ खोडावं.