सुखाचा हिशेब आणि हिशेबाबाहेरची माणसे

भूतानच्या ‘सकल राष्ट्रीय सुखा’चे कौतुक आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. कल्पना चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांची. २००८च्या राज्यघटनेत तिला स्थान मिळाले. पण सुख मोजायचे कसे? हे अवघड काम १९९९ साली स्थापन झालेल्या, थिंफूच्या ‘सेंटर फॉर भूतान स्टडीज’ या संशोधन संस्थेने अंगावर घेतले. कर्मा उरा, सबिना अल्कायर, छोकी झांगमो आणि कर्मा वांगदी यांनी लिहिलेली तिची छोटेखानी मार्गदर्शिका २०१२ साली निघाली. ती वाचून जे वाटले ते येथे मांडतो.

आधी गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. पुस्तक भाबडे नाही. २०१०च्या पाहणीत ७,१४२ जणांची उत्तरे धरली आहेत; नऊ क्षेत्रे, ३३ निर्देशक. झोप पुरेशी होते का, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का, हेही विचारले आहे. घरकाम आणि मुलांची देखभाल यांनाही ‘काम’च मानले आहे, आपल्याकडच्या किती अर्थशास्त्र्यांना हे सुचले? आणि निष्कर्ष झाकलेले नाहीत. सुखी ठरले फक्त ४०.९ टक्के. पुरुषांत सुमारे निम्मे, स्त्रियांत जेमतेम एक तृतीयांश. उरलेल्यांना पुस्तक ‘अद्याप सुखी नसलेले’ म्हणते. हा शब्दप्रयोग मला फार आवडला. त्यात सरकारवर जबाबदारी टाकलेली आहे.

माझी तक्रार संस्कृतीच्या प्रकरणाशी आहे. तेथे ‘द्रिग्लाम नामझा’ हा एक निर्देशक आहे. पोशाख आणि शिष्टाचार यांची ही परंपरागत शिस्त. ती तुम्हाला किती महत्त्वाची वाटते, तिचे पालन वाढते आहे की घटते आहे, असे प्रश्न आहेत. वरवर निरुपद्रवी. पण हीच शिस्त १९८९ साली साऱ्या प्रजेवर सक्तीची झाली. घो आणि किरा हा उत्तरेकडचा वेष. दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांनाही तो घालावा लागला. त्याच सुमारास शाळांतून नेपाळी गेली. त्याआधीच १९८५च्या कायद्याने नागरिकत्वासाठी १९५८ सालच्या वास्तव्याचा पुरावा मागितला होता. परिणाम असा की लाखाहून अधिक माणसे पूर्व नेपाळातल्या छावण्यांत जाऊन पडली. २०१७च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या ७,२७,१४५ होती; त्या मानाने हा आकडा केवढा, ते वाचकांनीच पाहावे.

कोणी म्हणेल, पाहणी देशात राहणाऱ्यांचीच असणार, यात संस्थेचा काय दोष? पद्धतीचा दोष नाही, हे मान्य. पण संस्था ज्याला राष्ट्राचे सुख म्हणते, त्यातला एक निर्देशक ज्या शिस्तीवर उभा आहे, तिच्यामुळे दुखावलेले लोक उत्तर द्यायला तेथे उरलेच नाहीत. नाराज पाहुणे उठून गेल्यावर पंगतीत ‘जेवण कसे झाले?’ विचारण्यासारखे हे आहे.

ती माणसे आता आपली शेजारी आहेत. २००७-०८पासून त्यांचे पुनर्वसन सुरू झाले; बहुतेक अमेरिकेत आले, ओहायोतल्या कोलंबसमध्ये तर त्यांची मोठी वस्ती आहे. आपणही देश सोडलेलेच. पण आपण तिकीट काढून आलो आणि सुट्टीत परत जाऊ शकतो. हा फरक लहान नव्हे.

पुढच्या पाहण्यांत निर्देशांक चढतच गेला: २०१५ साली ०.७५६, २०२२ साली ०.७८१. नेमक्या याच काळात भूतानचे तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागले. म्हणजे गणतीबाहेरच्यांचा प्रश्न जुना होऊन संपलेला नाही. संस्थेची प्रश्नावली लांबलचक आहे. तिच्यात आणखी एका प्रश्नाला जागा व्हावी: तुमच्या घरातून कोण गेले, का गेले, आणि त्यांना परत येता येईल का?