आधी तंबोरा ऐकवा

दिवाळीच्या तोंडावर वर्धेच्या दुकानांत साउंडबार मांडले जातात, तेव्हा गिऱ्हाइकाला काय ऐकवतात? हेलिकॉप्टर, स्फोट, नाही तर एखादं ढोलांचं गाणं. काउंटरची काच थरथरते आणि सौदा होतो. अशाच एका दुकानात मी मल्लिकार्जुन मन्सूर लावायला सांगितलं. गळा आला, ठेका आला, पण तंबोरा आलाच नाही. शंभर रुपयांच्या रेडिओतही जो मागे कुठेतरी जाणवायचा, तो कित्येक हजारांच्या पट्टीतून पार नाहीसा झाला होता. घरात संगीत ऐकण्याची कला आज कुठे पोचली आहे, हे मला तिथे कळलं. तेव्हापासूनचा राग या लेखात आहे.

स्पीकरची परीक्षा घ्यायला तंबोऱ्याहून कठीण वाद्य नाही. काळी एकचा षड्ज धरला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झवर बोलते. पण तंबोरा ऐकायचा तो तिच्या वर. जवारी, म्हणजे घोडीवर घासून तारेला येणारी झणझणीत धार, नीट लागली असेल तर त्या एका तारेतून उपस्वरांची रांग उभी राहते आणि पाचव्या उपस्वरावर, ३४६ हर्ट्‌झच्या आसपास, कुणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. याचं शास्त्र मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन १९१० मध्ये काही काळ आपल्या नागपुरात लेखा खात्यात अधिकारी होते. पुढे १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटू नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्याची पसरट घोडी तो मोडते, हे रामन यांनी दाखवलं. मिरजेच्या कारागिराने तारेखालचा दोरा सरकवून साधलेली ही गोष्ट ज्या यंत्रातून ऐकू येत नाही, त्या यंत्राला आपल्या संगीतात स्थान नाही. माझी कसोटी एवढीच.

या कसोटीवर बाजारातला बराच माल एका ओळीत निकालात निघतो. साउंडबार बातम्यांसाठी ठीक आहे. छतातून पाऊस पाडणारे बारा स्पीकर सिनेमावाल्यांनी घ्यावेत. केबलवर लाख रुपये घालवणाऱ्याने ते पैसे गाण्याच्या शिकवणीला द्यावेत. नव्याने निघालेल्या महागड्या तबकड्यांपैकी अनेक डिजिटल प्रतीवरूनच कापलेल्या असतात, त्यामुळे तो शौक डोळ्यांचा आहे. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट जातात, सीडीत १४११ असतात. जे वगळलं जातं त्यात जवारीचा वाटा किती, हे तारेने जोडून एकदा ऐकलं की कळतं.

मला खरा आनंद दिला तो वेगळ्याच वाटेने जाणाऱ्या आपल्या लोकांनी. पुण्याच्या केडन्स ऑडिओने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. त्यात कागदाच्या शंकूऐवजी दोन जाळीदार पत्र्यांमध्ये ताणलेला अतिपातळ पडदा थरथरतो. त्याला जवळजवळ वजनच नसल्यामुळे तो चटकन हलतो आणि चटकन थांबतो. तार सुटण्याचा क्षण आणि जवारीचा पसारा त्यातून वेगवेगळे कळतात. कोचीचे वास्तुविशारद जेकब जॉर्ज यांनी रेथम या नावाने जे स्पीकर घडवले, त्यांत गाण्याचा जवळजवळ सगळा पल्ला एकच शंकू सांभाळतो. नेहमीच्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांची अदलाबदल दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास होते. जवारीची धार नेमकी तिथेच असते, आणि एका शंकूत तिला चीर जात नाही. ही यंत्रं सगळ्यांना परवडणारी नाहीत. पण १९७० पासून काम करणारी कोलकात्याची सोनोडाइन स्टुडिओसाठी जे छोटे मॉनिटर बनवते, तसे दोन साधे, प्रामाणिक डबे मध्यमवर्गीय घरात येऊ शकतात. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलायचं कारण नाही. बऱ्याच स्पीकरमधून एका वॉटवर मीटरभर अंतरावर ८५ डेसिबलच्या पुढे आवाज निघतो. पंचवीस-तीस वॉटचा खरा अ‍ॅम्प्लिफायर बैठकीला पुरून उरतो.

मग बेस? आपला विक्रेता बेसवर जगतो, म्हणून त्याचा हिशेब मीच मांडतो. आपल्याकडच्या स्लॅबच्या घरांत दहा बाय दहाची खोली आणि दहा फुटांची उंची सर्रास असते. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज घुमतो. लांबी, रुंदी, उंची सारखीच म्हणजे तिन्हीकडून तोच घुमारा. अशा खोलीत सबवूफर ठेवला की डग्ग्याचा प्रत्येक घिस्सा गुरगुरतो आणि त्याखाली तंबोरा गाडला जातो. भिंतीला टेकून बसलात तर घुमारा सर्वांत जास्त, बरोबर मध्ये बसलात तर तो स्वरच गायब. मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर बसावं आणि स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे काढावेत. याला एक पैसाही लागत नाही.

वरच्या स्वरांसाठी थोडा खर्च आहे, आणि तो कापसाच्या जिल्ह्यात करायला लाज वाटू नये. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी परदेशी बाजारात होतं, आणि आम्ही मात्र ध्वनिशोषक म्हणून परदेशी फोम मागवतो! आपल्या जागेवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज पहिल्यांदा उलटतो. पिंजाऱ्याकडून चार इंची गादी भरून घ्या, लाकडी चौकटीत बसवा, वर खादी ताणा आणि चार बोटं जागा सोडून तिथे टांगा. चकचकीत टाइल्सवर सतरंजी घाला. सेवाग्रामच्या बापूकुटीत बसून बोललेला शब्द किती स्वच्छ कानी पडतो, ते कुणीही जाऊन ऐकावं. उतरतं छप्पर, चटया आणि उघड्या खिडक्या तिथे आवाजाला कोंडू देत नाहीत. आम्ही कवेलू काढून स्लॅब टाकला, भिंतींना गुळगुळीत पुट्टी फासली आणि मग आवाज फाटतो म्हणून अ‍ॅम्प बदलत बसलो. मे महिन्यात कूलर चालू ठेवून दुसरा अ‍ॅम्प चांगला की पहिला, यावर वाद घालणारे रसिक मी पाहिले आहेत. त्या घरघरीत दोन्ही सारखेच. कूलर बंद करा, नाही तर पहाटे ऐका.

या सगळ्याहून मोठा अपराध यंत्रांचाही नाही. जुनी मुद्रणं पुन्हा काढताना कंपन्या टेपची खरखर पुसतात. खरखर आणि जवारी वरच्या पट्टीत एकाच जागी राहतात, त्यामुळे एक पुसताना दुसरीही पुसली जाते. त्यावर सगळं एकसारखं मोठ्या आवाजात दाबून बसवतात. मग आलापाच्या आरंभीचा हलका षड्ज आणि द्रुत तानेचा कळस एकाच उंचीवर येतात. मोनो मुद्रणाला नकली प्रतिध्वनी लावून त्याचा स्टिरिओ करतात. ज्या गायकाने आयुष्यभर तंबोरे जुळवण्यात वेळ घालवला, त्याच्या मागचा तंबोराच काढून टाकायचा अधिकार यांना कुणी दिला? ही साफसफाई नव्हे, मोडतोड आहे. आणि ती चालते, कारण ऐकणाऱ्याने तक्रार करायचं सोडून दिलं आहे.

तक्रार करायला हवी, आणि ती दुकानापासूनच सुरू व्हावी. यंत्र घ्यायला जाताना आपल्याला पाठ असलेलं एक जुनं, खरखर न काढलेलं मुद्रण बरोबर न्या. दुकानदाराचं हेलिकॉप्टर बंद करायला लावा. नुसता तंबोरा मिनिटभर ऐका. त्यात गांधार सापडला तर भाव विचारा. नाही सापडला, तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा आणि का पडलात ते त्याला सांगा.