सातचा पाढा आणि पादरा : एका सरकारी तक्त्याची समीक्षा

मतदारसंघ पुनर्रचनेचा आदेश कोणी ग्रंथ म्हणून वाचत नाही. त्यात असतं काय, तर तालुक्यांची आणि गावांची नावं आणि मधूनमधून कंसात ‘भाग’ हा शब्द. माझी सगळी नोकरी नकाशे आणि अंदाजपत्रकं तपासण्यात गेली, त्यामुळे असले तक्ते वाचायची मला खोड आहे. न्या. कुलदीप सिंग आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून केलेली पुनर्रचना फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाली आणि लोकसभेसाठी पहिल्यांदा २००९ मध्ये वापरात आली. त्यातली पादऱ्यापुरती ओळ इथे तपासायची आहे.

ओळ अशी : लोकसभा क्रमांक २१, छोटा उदेपूर, अनुसूचित जमातींसाठी राखीव. त्यात हालोल, छोटा उदेपूर, जेतपूर, संखेडा, डभोई, पादरा आणि नांदोद. ही सात नावं नकाशावर बोटाने जोडून पाहा. मध्य प्रदेशच्या हद्दीपासून निघालेला मतदारसंघ ओरसंगच्या खोऱ्यातून पश्चिमेला येतो, बडोदे शहराला दक्षिणेकडून वळसा घालतो आणि महीकाठी पादऱ्याला येऊन थांबतो. पादऱ्याहून बडोदे जेमतेम पंधरा किलोमीटर. बडोद्याहून छोटा उदेपूर शंभराच्या वर.

इतिहासाच्या अंगाने तर हे कडबोळंच आहे. पादरा आणि डभोई गायकवाडी. छोटा उदेपूर आणि राजपीपळा (म्हणजे आपलं नांदोद) ही रेवाकांठ्यातली स्वतंत्र संस्थानं. हालोल पंचमहालातलं, १८६१ च्या अदलाबदलीपर्यंत शिंद्यांचं, मग इंग्रजांचं. पादऱ्याचं तोंड मात्र कायम बडोद्याकडेच. खंडेरावांनी भावाला, मल्हाररावांना, कैदेत ठेवलं ते पादऱ्यालाच. गायकवाडांची नॅरोगेज गाडीही पादऱ्याहून विश्वामित्रीलाच यायची.

कायद्यात याचा विचार नाही असं नाही. २००२ च्या परिसीमन कायद्याचं नववं कलम भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय या चारही गोष्टी पाहायला सांगतं. मग पादरा तिकडे गेलं कसं?

आपल्याकडच्या गप्पांत याला ‘डाव’ म्हणायची पद्धत आहे. मला त्यात डाव नव्हे, गणित दिसतं. गुजरातेत विधानसभेच्या जागा १८२, लोकसभेच्या २६. भागाकार बरोबर सात, बाकी शून्य. प्रत्येक विधानसभा मतदारसंघ अखंड एका लोकसभेत बसवायचा, असा नियम. तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यात जागा तेरा. शहर फुगलं, अकोटा आणि मांजलपूर हे नवे मतदारसंघ निघाले आणि शहराच्याच पाच झाल्या. त्यांना सावली आणि वाघोडिया जोडले की बडोदे लोकसभेचे सात पूर्ण. उरले सहा. त्यातलं करजण भरूचकडे गेलं. राहिलेल्या पाचांना पंचमहालातलं हालोल आणि नर्मदा जिल्ह्यातलं नांदोद जोडलं की पुन्हा सात!

हिशेब चोख आहे. माझा आक्षेप निवडीवर आहे. वाघोडिया शहराच्या पूर्वेला, हालोल आणि डभोईच्या मधे बसलेलं, पादरा पश्चिमेला. दोन्ही जागा सर्वसाधारण. वाघोडिया तिकडे आणि पादरा बडोद्यात, एवढी अदलाबदल केली असती तर सातचे सातच राहिले असते आणि तो वळसा गेला असता. बडोदे तालुक्यातल्या काही गावांच्या रेषा हलवाव्या लागल्या असत्या, हे मान्य. वाघोडियाकर विचारतील, ‘आमचंच का?’ त्यांना उत्तर निदान नकाशावर दाखवता येईल. पादरेकरांना २००८ मध्ये दाखवण्यासारखं काही नव्हतं, कारण आदेशात निर्णय असतो, कारणं नसतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मंडळातल्या काहींचा रोख वेगळा असतो. राखीव जागेला बोल लावण्यात अर्थ नाही. करजण घेऊन नांदोद भरूचला द्यावं, म्हणजे नर्मदा जिल्हा एकसंध राहील, असं सुचवलं जातं. दिसायला सुबक. पण नांदोद स्वतःच आदिवासी राखीव आहे. ते काढून करजण घातलं तर ज्यांच्यासाठी ही जागा राखली त्यांचंच वजन घटतं. पादऱ्याच्या सोयीसाठी ही किंमत मी देणार नाही.

रेषेला महत्त्व किती, ते १९९६ साली बडोद्याने पाहिलंय. सत्यजितसिंह गायकवाड तेव्हा अवघ्या १७ मतांनी लोकसभेवर गेले. एक वाडी इकडची तिकडे असती तर खासदार दुसरा.

२०१३ मध्ये छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला आणि हा मतदारसंघ एकदम चार जिल्ह्यांत पसरला : बडोदे, छोटा उदेपूर, पंचमहाल, नर्मदा. पादऱ्याचा कलेक्टर एकीकडे, खासदार दुसरीकडे. जिल्हा मोडला तरी लोकसभेची रेषा हलत नाही, ती पुढच्या आयोगापर्यंत तशीच.

तो आयोग २०२६ नंतरच्या जनगणनेवर बसेल. मागच्या खेपेला आमदार-खासदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. कच्चा आराखडा मात्र हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता. आदेश एकदा निघाला की न्यायालयात जवळजवळ दाद नाही. बारडोलीच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानीपुरती फट ठेवली, तेवढीच. म्हणजे जे काही मांडायचं ते आराखड्याच्या वेळीच. मंडळाकडे गायकवाडी तालुक्यांचे जुने नकाशे आहेत. त्यांवर आजच्या विधानसभेच्या हद्दी चढवायचं काम मी सुरू केलंय. वाघोडियाची बाजू अजून कोरी आहे, तिकडचं कोणी असेल तर हवंय.