नदी न ओलांडण्याचा धडा



पर्यावरण-नीती वर्गात बसून शिकता येते का, हा प्रश्न आम्हाला वर्षानुवर्षं छळत आला आहे. आमचं आयुष्य वर्ग घेण्यातच गेलं, तेव्हा उत्तर 'हो' असावं अशी आमची इच्छा असणार, हे उघड आहे. म्हणून आज मुद्दाम उलट बाजूचा एक प्रयोग तपासायला घेतला आहे.

अमेरिकेतली महाविद्यालयीन मुलं न्यूझीलंडला जातात, पाठीवर सॅक घेऊन आठवडेच्या आठवडे डोंगरात चालतात, आणि त्याबद्दल त्यांना 'नेतृत्व' आणि 'पर्यावरण-नीती' या विषयांचे श्रेयांक मिळतात. तुम्ही म्हणाल, ही तर सहल झाली! तसं नाही. या शिक्षणाला परंपरा आहे. कुर्ट हान यांच्या प्रेरणेने 1941 मध्ये वेल्समध्ये 'आउटवर्ड बाउंड' सुरू झालं. 1965 मध्ये पॉल पेट्झोल्ट यांनी वायोमिंगमध्ये 'नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल' काढलं. संकटातून शील घडतं, ही मूळ कल्पना.

आधी चांगलं काय ते सांगतो. न्यूझीलंडच्या नद्या डोंगरात पाऊस पडला की बघता बघता फुगतात. एकोणिसाव्या शतकात तिथे बुडून इतकी माणसं मेली, की बुडण्याला 'न्यूझीलंडी मरण' असंच नाव पडलं होतं. अशा नदीच्या काठावर वीस वर्षांची एक मुलगी उभी आहे असं समजा. म्होरक्याची पाळी रोज बदलते; आज ती तिची. पाण्याचा रंग, वेग, वाहत येणारे ओंडके, कोण दमलंय, कोण घाबरलंय, हे सगळं बघायचं आणि ठरवायचं. हातात हात गुंतवून ओलांडायचं, की तंबू ठोकून पाणी उतरायची वाट बघायची? चार मित्र 'चल ना' म्हणत असताना 'थांबू या' म्हणणं फार अवघड असतं. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातला विवेक म्हणतो, तो हाच. आमच्या वर्गात आम्ही त्याची व्याख्या लिहून देत होतो. ही मुलगी तो वापरते. इथे आम्ही हार मानतो.

पण दुसऱ्या विषयाचं काय? पर्यावरण-नीतीच्या नावाखाली प्रत्यक्षात काय शिकवतात? 'लीव्ह नो ट्रेस', म्हणजे 'मागे खूण ठेवू नका', या सूत्राची 7 तत्त्वं. कचरा परत आणा. शौचाला पाण्यापासून 200 फूट लांब जा, 6 ते 8 इंच खोल खड्डा करा. नियम उत्तम आहेत, पाळलेच पाहिजेत. पण बरं का, याला शिष्टाचार म्हणतात. नीती याच्या पुढे सुरू होते.

पहिली अडचण अशी, की खूण मोजायची कुठपासून? लॉस एंजलिस ते ऑकलंड हे अंतर साधारण 10,500 किलोमीटर आहे. जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. चॉकलेटचा कागद खिशात घालून परत आणणारा विद्यार्थी विमानाचा धूर आकाशात सोडून आलेला असतो. खुणेचा हिशोब पायवाटेपासून सुरू केला, की जमाखर्च छान जुळतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ही रानं कोणाची? ते उरेवेराचं उदाहरण घ्या. तूहोए या माओरी लोकांचा हा प्रदेश. 1866 मध्ये सरकारने त्यांची सुपीक जमीन जप्त केली. 1954 मध्ये त्यांच्या रानाचं राष्ट्रीय उद्यान झालं. 2014 च्या कायद्याने ते उद्यान संपलं आणि ते उरेवेरा स्वतःच कायद्याने 'व्यक्ती' ठरलं. आज त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या मंडळात बहुमत तूहोए नियुक्त सदस्यांचं असतं. आल्डो लिओपोल्डने 1949 च्या पुस्तकात माणसाला भूमीचा विजेता नव्हे, साधा सभासद व्हायला सांगितलं, ते ही मुलं वाचतात. ठीक आहे. पण ज्या लोकांच्या परंपरेत भूमी ही पूर्वज आहे, त्यांच्याच भूमीवर तंबू टाकून फक्त लिओपोल्ड वाचायचा, याला काय म्हणावं? रामचंद्र गुहा यांनी 1989 च्या निबंधात अमेरिकी रानप्रेमाला हाच प्रश्न विचारला होता: रिकामं रान जपायचं ठरलं, की तिथल्या माणसांचं काय होतं?

टोंगारिरो पर्वतावर जाणाऱ्यांना माओरी लोकांची विनंती असते, की शिखर पवित्र आहे, त्यावर चढू नका. चढाई करणं हेच ज्याला नेतृत्व वाटतं, त्याची खरी परीक्षा तिथे आहे.

हा अभ्यासक्रम बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की त्याने स्वतःचाच उत्तम धडा अर्धवट सोडला आहे. नदीकाठी तो मुलांना विचारायला शिकवतो: ओलांडायचं का? हाच प्रश्न विमानतळावरही विचारा: जायचं का? घराजवळच्या डोंगरात हेच शिकता येणार नाही का? जायचंच ठरलं, तर यजमान कोण ते आधी शिका, त्यांना शिक्षक म्हणून मानधन द्या, आणि ते 'नको' म्हणाले तर परत फिरा. श्रेयांक त्या परत फिरण्याचेही द्या.

आमच्या वर्गांनाही हा प्रश्न लागू आहे, याची आम्हाला जाणीव आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.